सज्ञान मूल कोणाच्या रिटर्नवर?

अमेरिकेच्या संघीय आयकर कायद्यात मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून आईवडिलांच्या रिटर्नवरून उतरत नाही. करापुरते अवलंबून असलेले माणूस, म्हणजे ‘डिपेंडंट’, कोणाला म्हणायचे हे तिथल्या आयकर संहितेच्या कलम १५२ मध्ये ठरवून दिलेले आहे. त्या कलमातल्या वयाच्या रेषा १९ आणि २४ अशा आहेत. अठराव्या वर्षी मिळणारा मतदानाचा हक्क किंवा पहिली नोकरी यांना तिथे स्वतंत्र वजन नाही. मूल वर्षभरात कुठे राहिले, किती महिने शिकत होते आणि त्याच्या निर्वाहाचा खर्च कोणी उचलला, यांवर निकाल लागतो.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांत फेब्रुवारी-मार्च आला की हा प्रश्न निघतो. एका बाजूला खर्च उचललेले पालक, दुसऱ्या बाजूला नुकती कमावती झालेली मुले. दोघांचेही म्हणणे नीट ऐकायचे तर एक कल्पित घर समोर ठेवणे सोयीचे. घर न्यू जर्सीतले, सगळे अमेरिकन नागरिक. आईवडील दोघेही नोकरी करणारे, एकत्र रिटर्न भरणारे. त्यांचे २०२५ चे उत्पन्न २,४०,००० डॉलर. मुलगी २२ वर्षांची. मे २०२५ मध्ये तिने पदवी घेतली, १२ जुलैला स्वतःच्या भाड्याच्या घरात राहायला गेली आणि वर्षअखेरपर्यंत पगाराचे ४२,००० डॉलर कमावले.

वडील: जानेवारी ते मे तू कॉलेजात होतीस. फी आम्ही भरली, डॉर्मचं भाडं आम्ही भरलं. घरी आलीस तेव्हा खाणंपिणं, तुझा फोन, गाडीचा इन्शुरन्स, सगळं घरातूनच गेलं. मग या वर्षी तुझं नाव आमच्याच रिटर्नवर लागणार, नाही का?

मुलगी: बाबा, जुलैपासून मी पगार घेतेय. भाडं मी भरते, किराणा मी आणते. बेचाळीस हजार कमावणारी मुलगी कोणाची डिपेंडंट कशी असेल? तुमच्या रिटर्नवर माझं नाव राहिलं तर त्या कागदावर मी अजून शाळकरी पोरच ना!

मुलीचा प्रश्न स्वाभाविक आहे, पण कायद्याचे उत्तर तिच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. डिपेंडंट ठरण्याची दारे दोन. पहिले ‘क्वालिफाइंग चाइल्ड’चे. त्यात मूल १९ वर्षांखालचे, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ वर्षांखालचे असावे लागते, आणि हे वय ३१ डिसेंबरला मोजतात. निम्म्याहून अधिक वर्ष ते पालकांबरोबर राहिलेले असावे, आपल्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च त्याने स्वतः केलेला नसावा, आणि त्याने जोडीदारासह एकत्र रिटर्न भरलेले नसावे. कापलेला कर परत मिळवण्यापुरते भरले असेल तर चालते. या दारात मुलाच्या कमाईला कसलीही मर्यादा नाही. दुसरे दार ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’चे. तिथे वय पाहत नाहीत, पण एकूण उत्पन्न एका ठरावीक रकमेच्या आत असावे लागते. २०२५ साठी ती रक्कम ५,२०० डॉलर आहे.

पहिल्या दारात कमाईची मर्यादा का नाही, याला इतिहास आहे. अमेरिकेत अवलंबून असलेल्या मुलांसाठी करसूट १९१७ च्या युद्धकालीन कायद्याने आली. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २०० डॉलर. पुढे उत्पन्नाची अट आली आणि तिचा फटका कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या घरांना बसू लागला. मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत थोडे जास्त काम केले की बापाची सूट जायची. १९५४ च्या संहितेने १९ वर्षांखालची मुले आणि विद्यार्थी यांच्यापुरती ती अट काढून टाकली. १९८६ च्या करसुधारणेने दुसरी एक गोष्ट बंद केली: एकाच मुलासाठी पालकांनी एक सूट घ्यायची आणि मुलाने स्वतःच्या रिटर्नवर पुन्हा तीच घ्यायची, ही मुभा संपली. त्याच कायद्याने पाच वर्षांवरील डिपेंडंटचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणे सक्तीचे केले, आणि पुढच्या वर्षीच्या रिटर्नांवरून सुमारे सत्तर लाख मुले नाहीशी झाली. विद्यार्थ्यांसाठी चोविसाव्या वर्षाची रेषा १९८८ मध्ये आखली गेली. वेगवेगळ्या सवलतींसाठी ‘मूल’ म्हणजे कोण याच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या, त्या २००४ च्या कायद्याने बऱ्याच अंशी एकसारख्या केल्या.

मुलगी: ठीक, माझा पगार मोजायचा नाही. पण मी तुमच्याबरोबर राहतच नव्हते. जानेवारी ते मे डॉर्ममध्ये, जुलैपासून माझ्या घरात.

वडील: डॉर्म म्हणजे काही वेगळं बिऱ्हाड नव्हे. तुझे सगळे कपडे, पुस्तकं इथेच होती, पत्र इथे यायची.

इथे वडिलांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. शिक्षण, आजारपण, सैन्यातली नोकरी अशा कारणांनी झालेली तात्पुरती गैरहजेरी घरी राहण्यातच धरतात. त्यामुळे १ जानेवारी ते ११ जुलै हे १९२ दिवस मुलगी आईवडिलांकडेच राहिली असे मानले जाईल, आणि १९२ हे वर्षाच्या निम्म्याहून जास्त आहेत. तीच मुलगी २५ जूनला कायमची बाहेर पडली असती तर दिवस १७५ झाले असते आणि पहिले दार बंद झाले असते. दुसरे तर पगारामुळे आधीच बंद होते. मेमध्ये पदवी घेऊन लगेच नोकरीच्या गावी जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत सगळा निकाल त्या दोन-तीन आठवड्यांवर लागतो, आणि घरोघर ही तारीखच कोणी टिपून ठेवत नाही. विद्यार्थी असण्याची अट सोपी आहे: वर्षातल्या कोणत्याही पाच महिन्यांत, प्रत्येक महिन्यातला थोडा काळ तरी, पूर्णवेळ नोंदणी असली की पुरे. जानेवारी ते मे हे पाच महिने ती पुरी करतात.

राहिला निर्वाहाच्या खर्चाचा प्रश्न, आणि खरा वाद तिथेच होतो.

वडील: फी, डॉर्म आणि मेसचे सतरा हजार. घरी होतीस त्या काळातल्या खोलीचे आणि जेवणाचे दोन हजार. आरोग्यविमा, फोन, गाडीचा इन्शुरन्स मिळून तीन हजार. बावीस हजार झाले.

मुलगी: आणि माझे बेचाळीस हजार!

वडील: बेचाळीस हजार मिळाले गं. खर्च किती केलेस स्वतःवर?

ही विचारणा अचूक आहे. कायदा खर्च झालेला पैसा मोजतो, मिळालेला नव्हे. मुलीच्या पगारातून कापला गेलेला आयकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांची कपात निर्वाहात धरत नाहीत. निवृत्तीसाठी ४०१(के) खात्यात टाकलेले आणि बँकेत शिल्लक राहिलेले पैसेही धरत नाहीत. भाडे, अन्न, प्रवास, कपडे, औषधे, करमणूक यांवर तिने प्रत्यक्ष खर्च केले ते १५,००० डॉलर. दोन्ही बाजूंचे मिळून ३७,०००. त्याचे निम्मे १८,५००. मुलीचा वाटा त्याहून कमी, म्हणून ती पालकांची क्वालिफाइंग चाइल्ड ठरते. पालकांनी निम्म्याहून जास्त खर्च केला असे दाखवण्याचीही या दारात गरज नाही. मुलाने तसा केलेला नसला की झाले. घरातल्या खोलीचे मोल धरताना गृहकर्जाचा हप्ता पाहत नाहीत, तशी खोली बाजारात किती भाड्याने गेली असती ते पाहतात. कॉलेजने दिलेली शिष्यवृत्ती तर कोणाच्याच पारड्यात पडत नाही.

शैक्षणिक कर्जाची गोष्ट मात्र वेगळी. शेवटच्या सत्राच्या फीपैकी ९,००० डॉलर मुलीने स्वतःच्या नावावर कर्ज काढून भरले असते, तर तो तिने स्वतः केलेला खर्च ठरला असता. मग तिचे २४,००० आणि पालकांचे १३,००० असे चित्र दिसले असते आणि ती डिपेंडंट राहिली नसती. तेच कर्ज पालकांनी आपल्या नावावर घेतले असते तर पारडे पालकांकडे झुकले असते. कर्ज कोणाच्या नावाने घ्यायचे हे घरात बहुधा व्याजदर पाहून ठरते. त्याचा हा दुसरा परिणाम त्या वेळी कोणी सांगत नाही, आणि तो सांगायला हवा.

मुलगी: म्हणजे मी हरले. कायद्याने मी डिपेंडंट. मग घ्या नाव. पण मिळणार काय आहे तुम्हाला?

वडील: पाचशे डॉलर.

मुलगी: एवढेच?

एवढेच, आणि यालाही कारण आहे. २०१७ पर्यंत प्रत्येक डिपेंडंटमागे ४,०५० डॉलरची सूट उत्पन्नातून वजा होत असे. २५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या घराचे त्यात हजारेक डॉलर वाचत. २०१८ पासून ही सूट शून्यावर आणली गेली आणि ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ते शून्य कायमचे केले. १७ वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट आहे, २०२५ साठी २,२०० डॉलर. त्याहून मोठ्या मुलांसाठी आणि इतर डिपेंडंटसाठी फक्त ५०० डॉलरचे क्रेडिट उरते. ते करातून थेट वजा होते, पण कर शून्य झाल्यावर उरलेले हाती येत नाही. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचे उत्पन्न ४,००,००० डॉलरच्या आणि एकट्याचे २,००,००० च्या वर गेले की ते आटू लागते. २०१८ पासून ही रक्कम महागाईबरोबर एक डॉलरनेही वाढलेली नाही. कॉलेजात मूल असलेल्या घराचा खर्च सगळ्यात जड असतो त्याच वर्षांत कायद्याचा हात सगळ्यात आखडता असावा, हे बरोबर नाही.

मुलीचे नुकसान काय, हेही पाहायला हवे. डिपेंडंट असलेल्या व्यक्तीचे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, तिच्या कमाईशी बांधलेले असते: २०२५ मध्ये किमान १,३५० डॉलर, किंवा पगार अधिक ४५०, यांतले मोठे, पण सर्वसाधारण मर्यादेच्या, म्हणजे १५,७५० च्या, वर नाही. पगार ४२,००० असल्याने मुलीला पूर्ण १५,७५० मिळतात. ज्या मुलाला पगार नाही आणि आजोबांनी नावावर केलेल्या शेअर्सचा लाभांश तेवढा येतो, त्याला मात्र १,३५० वरच थांबावे लागते. शिवाय असे न कमावलेले उत्पन्न २,७०० डॉलरच्या वर गेले की चोविशीच्या आतल्या विद्यार्थ्याला त्यावर पालकांच्या दराने कर बसू शकतो. पालकांनी नाव लावले काय किंवा न लावले काय, हा नियम चुकत नाही.

मुलगी: मग माझा कर किती होतो?

वडील: बेचाळीस हजारांतून पंधरा हजार सातशे पन्नास गेले. उरले सव्वीस हजार अडीचशे. त्यावर सुमारे दोन हजार नऊशे अकरा डॉलर.

मुलगी: आणि माझ्या फीवर काही मिळत नाही? कॉलेजकडून फीचा तो १०९८-टी फॉर्म आलाय, तो माझ्या नावावर आहे.

या प्रश्नाने हिशेब उलटतो. पदवीच्या शिक्षणासाठी ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ नावाचे क्रेडिट आहे. फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरचे शंभर टक्के, पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के, असे जास्तीत जास्त २,५०० डॉलर. मात्र एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचे उत्पन्न १,६०,००० च्या वर गेले की ते कमी होऊ लागते आणि १,८०,००० ला संपते. या पालकांचे उत्पन्न २,४०,०००, म्हणून त्यांना ते मिळूच शकत नाही. मुलीसाठी मर्यादा ८०,००० ते ९०,००० ची, आणि ती तिच्या खूप खाली आहे. पण पालकांनी मुलीचे नाव लावले, तर हे क्रेडिट मागण्याचा हक्क फक्त पालकांचा. लावले नाही, तर तो हक्क मुलीकडे जातो, आणि पालकांनी भरलेली फीसुद्धा तिनेच भरली असे धरतात.

म्हणजे नाव लावले तर घराला ५०० डॉलर. सोडले तर २,५००. मुलीचा कर सुमारे २,९११ वरून ४११ वर येतो. एका विद्यार्थ्याला हे क्रेडिट चारच करवर्षे मिळते, आणि चार वर्षांची पदवी पाच कॅलेंडर वर्षांत पसरते. आधीची चारही वर्षे वापरली गेली असतील तर या पाचव्या वर्षी ‘लाइफटाइम लर्निंग’ क्रेडिटकडे, म्हणजे फीच्या वीस टक्क्यांकडे, वळावे लागते. या घरात पालकांच्या उत्पन्नामुळे ते आधी कधीच घेतलेले नाही. फी कोणत्या वर्षी भरली हेही पाहावे लागते. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राची फी डिसेंबरमध्येच भरून टाकली असेल तर ती आधीच्या वर्षात मोजतात.

वडील: मग मी तुझं नाव सोडतो. तू लिही, मी कोणाची डिपेंडंट नाही.

मुलगी: ते बरं. मी पहिल्यापासून तेच म्हणतेय.

इथे दोघेही चुकतात, आणि ही चूक फार घरांत होते. रिटर्नच्या फॉर्म १०४० वरचा प्रश्न असा आहे की तुम्हाला कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकते का. दाखवले आहे का, असे तो विचारत नाही. निकषांवर ती डिपेंडंट ठरत असेल तर पालकांनी नाव सोडले तरी मुलीने ‘हो’ अशीच खूण केली पाहिजे. तिचे स्टँडर्ड डिडक्शन या ‘दाखवू शकते’वर ठरते. शिक्षणाची क्रेडिटे आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची २,५०० डॉलरपर्यंतची वजावट मात्र तिचे नाव प्रत्यक्ष कोणी लावले आहे का, त्यावर ठरतात. कायद्याच्या एकाच फॉर्मवर हे दोन वेगळे प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत. ते एकच समजल्याने दरवर्षी कित्येक मुले खोटी खूण करतात, आणि कित्येक जण हक्काचे क्रेडिट सोडून देतात. फार थोडे कमावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक बंधन आहे: चोविशीच्या आत असून कमाई निर्वाहखर्चाच्या निम्म्यापर्यंत पोचत नसेल, तर या क्रेडिटचा परतावा हाती येत नाही, जेवढा कर असेल तेवढाच ते भागवते. त्यामुळे कर जवळपास शून्य असलेल्या मुलाच्या बाबतीत नाव सोडून घराला काहीच मिळत नाही.

न विचारता दोघांनी आपापले रिटर्न भरले तर काय होते, हे अनुभवाने कळण्याआधी कळलेले बरे. सहसा मूल आधी भरते, कारण परताव्याची घाई त्याला असते. नंतर पालकांचे इलेक्ट्रॉनिक रिटर्न परत येते, कारण तो सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरला गेलेला असतो. २०२५ च्या हंगामापासून पालकांकडे आयआरएसने, म्हणजे संघीय कर खात्याने, दिलेला ओळख-संरक्षण पिन असेल तर असे दुसरे रिटर्न स्वीकारले जाते, पण वाद मिटत नाही. दोघांनाही सीपी८७ए नावाचे पत्र येऊ शकते: तुमच्या डिपेंडंटचे नाव दुसऱ्या रिटर्नवरही आहे, चूक तुमची असेल तर फॉर्म १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. बेफिकिरीने चुकीचे क्रेडिट घेतल्याचे ठरले तर दोन वर्षे आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षे ते क्रेडिट बंद होते.

मुलगी: आणि दादाचं काय? तो तर पंचवीसचा आहे आणि इथेच राहतो.

वडील: त्याचं सगळं आम्हीच करतोय वर्षभर. तो तर नक्की आमचाच.

पंचविशीच्या मुलाला पहिले दार बंद झालेले असते, उरते दुसरे. तिथे पालकांनी निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला असावा लागतो आणि मुलाचे एकूण उत्पन्न २०२५ साठीच्या ५,२०० डॉलरच्या आत असावे लागते. नोकरी शोधता शोधता या मुलाने टॅक्सी-ॲपवर गाडी चालवून ७,००० डॉलर मिळवले आणि पेट्रोल आणि दुरुस्ती जाऊन हाती ३,००० राहिले, तर पालकांना वाटते तो मर्यादेत आहे. तो नाही. सेवेच्या धंद्यात एकूण उत्पन्न म्हणजे खर्च वजा करण्याआधीची रक्कम. बेकारी भत्ताही त्यात धरतात, शेअर विकून झालेला नफाही. पीएचडी करणाऱ्या मुलाला विद्यापीठाचे विद्यावेतन मिळते, तेही बहुधा या मर्यादेच्या वर जाते. वर्षभर घरात राहून, घरचे जेवून, थोडीशी धडपड करणाऱ्या मुलाला कायदा स्वतंत्र मानतो आणि चांगला पगार मिळवणाऱ्या बहिणीला अवलंबून. ही विसंगती दोन दारांच्या वेगळ्या अटींतून आलेली आहे आणि तिचे समर्थन करणे कठीण आहे.

वयाची कोणतीही रेषा ज्यांना लागू नाही, अशी मुलेही आहेत. कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वामुळे अर्थार्जन करू न शकणारे मूल चाळीस वर्षांचे असले तरी पहिल्या दारातूनच डिपेंडंट ठरते. ती अवस्था निदान वर्षभर टिकणारी किंवा मृत्यूपर्यंत नेणारी आहे असे डॉक्टरांचे मत असावे लागते. मुलगी मांडते तो विचार, की सज्ञान माणसाने कायद्यासमोर आपल्या पायांवर उभे राहावे, इथे अपुरा पडतो. काही घरांत सांभाळ संपतच नाही, आणि सत्तरीच्या आईने पंचेचाळिशीच्या मुलाचे नाव रिटर्नवर लिहिणे ही त्या सांभाळाची कायद्याने घेतलेली नोंद आहे. अशा मुलाच्या नावाने येणारा सोशल सिक्युरिटीचा भत्ता त्याच्यावरच खर्च होत असेल तर तो त्याचा स्वतःचा वाटा धरतात. म्हणून त्या पैशांचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

मुलगी: माझ्या रूममेटचे आईबाबा तिचा सगळा खर्च करतात. तरी ते तिला दाखवू शकत नाहीत म्हणाले. का?

कारण बहुधा व्हिसाचे आहे, आणि ते अमेरिकेतल्या भारतीय घरांना विशेष लागू आहे. डिपेंडंट हा अमेरिकेचा नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचा रहिवासी असावा लागतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांची मुले एच-४ व्हिसावर येतात, शाळा इथेच शिकतात आणि रहिवासी म्हणून मोजली जातात. ग्रीन कार्डाच्या रांगेत पालक असतानाच मूल २१ वर्षांचे होते, एच-४ सुटतो आणि कॉलेजसाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. एफ-१ विद्यार्थ्याचे अमेरिकेतले दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षे रहिवासाच्या कसोटीत धरत नाहीत. त्यामुळे पुढच्या वर्षापासून तेच मूल सहसा करापुरते अनिवासी होते. पाच वर्षांचे असल्यापासून न्यू जर्सीत वाढलेली मुलगी, जिची प्रत्येक फी आईवडील भरतात, त्यांच्या रिटर्नवर बसत नाही, आणि अनिवासी म्हणून तिला शिक्षणाचे क्रेडिटही सहसा मिळत नाही. व्हिसाच्या रांगेची शिक्षा करातही भोगावी लागते, हा या कायद्यातला उघड अन्याय आहे. याच्या उलट, अमेरिकन नागरिक असलेले मूल पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असेल तर त्याची गैरहजेरी तात्पुरती धरली जाऊ शकते आणि ते डिपेंडंट राहू शकते. शिक्षणाचे क्रेडिट मात्र अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदत योजनेत बसणाऱ्या संस्थेसाठीच आहे.

डिपेंडंट हा शब्द इतर कागदांवरही येतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे नियम निराळे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे मूल २६ वर्षांचे होईपर्यंत पालकांच्या विम्यात राहू शकते. रिटर्नवर नाव असण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून मुलगी विम्यातून जाईल या भीतीने तिचे नाव लावून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र पालकांच्या आरोग्यबचत खात्यातून, म्हणजे एचएसएमधून, तिचा दवाखान्याचा खर्च करमुक्त करता येतो तो ती डिपेंडंट ठरेपर्यंतच. सरकारी विद्यार्थी मदतीच्या ‘फाफसा’ अर्जात तर चोविशीच्या आतले बहुतेक अविवाहित विद्यार्थी पालकांवर अवलंबूनच धरले जातात, रिटर्नवर काहीही लिहिलेले असो. पालक विभक्त असतील तर लहान मुलासाठी एका पालकाने दुसऱ्याला हक्क देण्याचा फॉर्म ८३३२ सज्ञान मुलाला सहसा लागू होत नाही. मूल ज्याच्याकडे जास्त राहिले त्याचा हक्क, आणि दिवस सारखे असतील तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा. एकट्या पालकाचे शिकणारे मूल घरात असेल तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ हा दर्जा मिळू शकतो आणि २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० ऐवजी २३,६२५ डॉलर होते. तिथे पाचशे डॉलरपेक्षा या दर्जाचे मोल मोठे.

महाराष्ट्रातून गेलेल्या पहिल्या पिढीला हे सगळे अनोळखी वाटते, कारण भारतात प्रत्येक व्यक्तीवर वेगळा कर बसतो. जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिकवणी-फीची, विम्याच्या हप्त्याची किंवा शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण मूल कोणाच्या रिटर्नवर आहे असा प्रश्नच निघत नाही.

वडील: म्हणजे आता करायचं काय ते सांग.

मुलगी: तुम्ही माझं नाव लावू नका. मी ‘कोणी दाखवू शकतं’ यावर खूण करते आणि फीचं क्रेडिट घेते. तुमचे पाचशे गेले ते मी देते.

वडील: पाचशे नकोत. राज्याच्या रिटर्नचं तेवढं बघू. जर्सीत डिपेंडंटमागे अजून पंधराशेची सूट आहे, ती गेली तर किती फरक पडतो ते मांडून बघू.

वडिलांची ही आठवण योग्य वेळची आहे. न्यू जर्सीच्या राज्य आयकरात ती १,५०० डॉलरची सूट उत्पन्नातून वजा होते आणि या घराच्या दराने तिचे मोल शंभर डॉलरच्या आतच राहते. ती गेली असे धरले तरी निर्णय बदलत नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते आपापल्या राज्यापुरते तपासावे लागतात. हाच हिशेब पालकांचे उत्पन्न दीड लाख असते तर उलटा लागला असता: २,५०० चे क्रेडिट आणि ५०० चे क्रेडिट, दोन्ही पालकांनाच मिळाले असते, आणि मुलीने नाव सोडवून घेण्याचा आग्रह धरणे घराला महाग पडले असते.

मुलगी: आणि पुढच्या वर्षी?

वडील: पुढच्या वर्षी तू बारा महिने नोकरीत, कॉलेज नाही. तेव्हा खूण करायची नाही.

२०२६ मध्ये मुलगी २३ वर्षांची असेल, पण पाच महिन्यांची विद्यार्थी नसेल, आणि पगारामुळे दुसरे दारही बंद असेल. त्या वर्षापासून तिला कोणीच डिपेंडंट म्हणून दाखवू शकणार नाही. मागच्या एखाद्या वर्षी खूण चुकली असेल किंवा क्रेडिट राहून गेले असेल, तर मूळ रिटर्न भरल्यापासून सहसा तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स भरून दोघांनाही आपापली दुरुस्ती करता येते.